गोष्टीतली ती गोरीच का?

शाळेच्या वाचनालयातून कोणतेही एक गोष्टीचे पुस्तक काढा. राजाराणीचे असो, साहसाचे असो, नाही तर विज्ञानकथांचे असो. पहिला पुरुष गोष्टीत येतो तो परिच्छेद शोधा आणि पहिली स्त्री येते तो परिच्छेद शोधा. दोन्ही वहीत समोरासमोर उतरवून घ्या. माझा अंदाज असा की, पुरुष काय करतो ते तुम्हाला आधी कळेल. तो शेतकरी असेल, सेनापती असेल, शास्त्रज्ञ असेल, किंवा नुसताच आळशी असेल. स्त्री मात्र कशी दिसते ते आधी कळेल. राजाला एक सुंदर मुलगी असते, शास्त्रज्ञाला देखणी पुतणी असते, गावच्या पाटलाची सून नाकीडोळी नीटस असते. ती दिवसभर काय करते हे कळायला दोन पाने उलटावी लागतात, आणि कधी कधी पुस्तक संपले तरी कळत नाही.

हा नुसता अंदाज आहे. तो खरा की खोटा हे मोजल्याशिवाय ठरणार नाही, आणि मोजायचे कसे ते मी पुढे सांगणार आहे. पण आधी एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो तुमच्यापैकी काही जणांच्या ओठांवर आलाच असेल. ‘बाई, पुरुषांचेही वर्णन असते की! भरदार छाती, पिळदार दंड, उंचापुरा बांधा.’ असते, कबूल. पण त्या वर्णनाचे काम काय ते पाहा. पिळदार दंड म्हटले की हा गडी दगड उचलणार, दार फोडणार, तलवार चालवणार हे आपल्याला कळते. ते वर्णन त्याच्या पुढच्या कृतीची सूचना असते. चाफेकळी नाकाचे तसे नाही. चाफेकळी नाकाने वास अधिक चांगला येतो असे अजून कोणत्याही लेखकाने म्हटलेले नाही! टपोरे डोळे असलेल्या नायिकेला दूरचे अधिक स्पष्ट दिसते असेही नाही. त्या वर्णनातून ती काय करू शकते हे कळत नाही. तिच्याकडे पाहणाऱ्याला काय वाटते एवढेच कळते.

पदार्थविज्ञानात आपण हा भेद फार काटेकोरपणे पाळतो. एखाद्या ठोकळ्याचे वस्तुमान त्या ठोकळ्याचे असते. खोलीत उजेड असो की अंधार, ते बदलत नाही. पण त्याचा दिसणारा रंग त्याच्यावर कोणता प्रकाश पडतो यावर आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरही अवलंबून असतो. अकरावी-बारावीत तुम्ही अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा लावून प्रयोग कराल, तेव्हा आपल्या शेजारच्या मैत्रिणीकडे एकदा पाहून घ्या. लाल ओढणी काळपट दिसेल, निळी वहीही काळपट दिसेल आणि वर्गातले सगळे चेहरे पिवळट-करडे दिसतील. चेहऱ्यांचे एरवी दिसणारे रंग त्या खोलीत ओळखता येत नाहीत. गणित कोणाला येते आणि कोणाला येत नाही, हे मात्र तिथेही सांगता येते.

आता ‘गोरी’ या शब्दाकडे वळू. मराठी कथा-कादंबऱ्यांत नायिका सावळी असली तर तिच्यामागे एक छोटा शब्द चिकटून येतो: ‘तरी’. ‘सावळी असली तरी रेखीव’, ‘रंगाने उजळ नसली तरी चेहरा गोड’. या ‘तरी’कडे नीट लक्ष द्या. सावळेपणा हा एक दोष, आणि तो भरून काढायला दुसरे काहीतरी जमेस धरले आहे, असा हिशेब त्या दोन अक्षरांत आहे. गोऱ्या नायिकेला असा हिशेब द्यावा लागत नाही.

गंमत अशी की, मराठी माणसाला सावळे रूप सुंदर वाटत नाही असे मुळीच नाही. दरवर्षी आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या आपल्या पुण्यातून जातात आणि लाखो वारकरी एका काळ्यासावळ्या मूर्तीला पाहायला दीडदोनशे मैल चालतात. विठ्ठलाच्या सावळ्या रूपाचे वर्णन करताना संतांना ‘तरी’ लावावासा वाटला नाही. राम सावळा, कृष्ण तर नावानेच काळा. व्यासांचे नाव कृष्णद्वैपायन. ते दिसायला इतके उग्र होते की त्यांना पाहून अंबिकेने डोळे मिटून घेतले, असे महाभारतच सांगते. त्याने व्यासांच्या थोरवीला काही बाधा आली नाही. म्हणजे पुरुष काळा असला, उग्र असला, तर चालते. तो देव किंवा ऋषी असला तर शोभतेसुद्धा.

आणि द्रौपदी? तिचे एक नाव ‘कृष्णा’ आहे आणि ते तिच्या वर्णावरूनच पडलेले आहे. महाभारताची ही नायिका काळी आहे आणि त्या काळातली सर्वांत सुंदर स्त्रीही आहे; मूळ ग्रंथाला यात काही विसंगती वाटत नाही. आता तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या दिनदर्शिकेवरची किंवा चित्रकथेतली द्रौपदी आठवून पाहा. बहुतेक ठिकाणी ती गोरीपान सापडेल. शेजारचा कृष्ण निळा राहिला. कृष्णा मात्र वाटेत कुठेतरी उजळली.

ती वाट आपल्या गावाजवळूनच जाते. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघालात की लोणावळ्याच्या आधी मळवली स्टेशन लागते. चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत एक छापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला हलवला. तिथे देवदेवतांची आणि पुराणातल्या नायिकांची रंगीत चित्रे शिळाछापाने छापली जात. प्रत्येक रंगाच्या छटेसाठी एक वेगळा दगड तयार करायचा, आणि तोच कागद एकामागून एक दगडांवर अगदी बिनचूक बसवत छापायचा, अशी ती पद्धत. एक केस इतका जरी कागद सरकला तरी चित्र बिघडते. तंत्र म्हणून ते अप्रतिम होते, आणि मोठी गोष्ट अशी की, ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यातही प्रवेश नव्हता अशांच्या घरी त्या छापांमुळे देव पोचले. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. तोपर्यंत ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात त्याची त्याची शकुंतला किंवा दमयंती होती. आता एकच चेहरा, एकच बांधा आणि एकच उजळ कांती हजारो भिंतींवर गेली. पुढच्या चित्रकारांनी तोच नमुना गिरवला. त्यानंतर सिनेमा आला, चित्रकथा आल्या, आणि आपल्याला वाटू लागले की पुराणातल्या नायिका अशाच होत्या. याचा सगळा दोष रविवर्म्यांच्या माथी मारणे मला बरोबर वाटत नाही. गोऱ्या रंगाची हौस त्यांच्याआधीपासून होती. छापखान्याने ती मोठ्या प्रमाणावर पसरवली, इतकेच.

तुम्ही म्हणाल, हे जुन्या पुराणांचे झाले; विज्ञानकथा तरी शास्त्रीय दृष्टीने लिहिलेल्या असतात ना? मग विज्ञानकथेचे आजोबा ज्यूल व्हर्न यांच्याकडे जाऊ. हे आजोबा मराठी मुलांच्या ओळखीचे झाले ते मुख्यतः आपल्या भा. रा. भागवतांमुळे.

व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कथेत (मूळ पुस्तक १८७३ चे) फिलिअस फॉग आणि त्याचे सोबती बुंदेलखंडात एका तरुण विधवेला चितेवरून वाचवतात. तिचे नाव औदा. ती मुंबईच्या श्रीमंत पारशी व्यापाऱ्याची मुलगी. पारशी मुलीवर सती जाण्याची पाळी कशी येईल, हा प्रश्न व्हर्नसाहेबांना पडलेला दिसत नाही! तिची पहिली ओळख काय करून दिली आहे? ती तरुण आहे आणि एखाद्या युरोपीय बाईसारखी गोरी आहे. पुढे तिच्या रूपाचे वर्णन करायची वेळ येते तेव्हा व्हर्न चक्क आपल्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) राणीला मदतीला घेतो. त्या राणीच्या लावण्यावर कोणा कवीने केलेले लांबलचक वर्णन तो देतो आणि मग म्हणतो की, एवढे सगळे न बोलताही औदा युरोपीय अर्थाने मोहक होती आणि इंग्रजी शुद्ध बोलत होती. फॉगच्याही देखणेपणाचा उल्लेख पुस्तकात आहे. पण वाचकाच्या लक्षात राहते ते त्याचे घड्याळ आणि त्याचा काटेकोरपणा. औदेच्या बाबतीत लक्षात काय राहते, ते पुस्तक वाचलेल्यांनी स्वतःला विचारावे.

याहून मला खटकते ती ग्राउबेनची गोष्ट. पृथ्वीच्या पोटात शिरणाऱ्या प्राध्यापक लिडेनब्रोकची कथा (१८६४) तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. त्या प्राध्यापकाच्या घरी ही मुलगी वाढते. ती सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची आणि मोहक आहे, हे आपल्याला पहिल्याच भेटीत कळते. पण पुढच्याच काही ओळींत व्हर्न सहज सांगून जातो की, खनिजशास्त्रात ती इतकी तयार होती की चांगल्या चांगल्या पंडितांना तिने धडे दिले असते. आता विचार करा. पृथ्वीच्या पोटात जायचे आहे. वाटेत खडक, स्फटिक आणि धातूंच्या शिरांशिवाय दुसरे काही लागणार नाही. घरात खनिजशास्त्र जाणणारी एक व्यक्ती तयार आहे. प्राध्यापक तिला घरी ठेवतात आणि जायला घाबरणाऱ्या पुतण्याला नेतात! ग्राउबेन हँबुर्गला राहते, वाट पाहते आणि शेवटी लग्नापुरती परत येते. व्हर्नने तिला ज्ञान दिले, पण ते कुठे वापरू दिले नाही. रूप मात्र पुरेपूर वापरले, कारण पुतण्या परत यायला घाईत का आहे याचे तेच कारण.

आता भागवतांनी स्वतः निर्माण केलेला नायक पाहा. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे. किडकिडीत, अंगावर मूठभर मांस नाही. पण सायकलवर टांग टाकली की चोर, तस्कर, कोणी असो, त्याची धडगत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्याच्यावर जीव टाकला आणि ‘असला कसला हा हडकुळा नायक’ असे कोणी म्हटले नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव तर विनोदी साहित्यातला. त्यालाही रूपाची अट नव्हती. मराठी लेखकांनी मुलांना अशी सूट दिली हे फार चांगले झाले. वर्गातल्या प्रत्येक किडक्या मुलाला, चष्मिष्ट मुलाला आपणही नायक होऊ शकतो असे वाटले. मला हवी आहे ती तशीच सूट मुलींना. दात थोडे पुढे असलेली, रंगाने काळी, केस धड न बसणारी, आणि तरीही तिच्या दातांबद्दल, रंगाबद्दल एक शब्दही न बोलता जिच्या मागे वाचक शंभर पाने धावत जाईल, अशी मुलगी. अशा नायिका मराठीत मुळीच नाहीत असे मी म्हणत नाही. तुम्हाला सापडल्या तर आवर्जून नावे कळवा. पण शोधाव्या लागतात, यातच सगळे आले.

‘गोष्टी त्या गोष्टी, त्याने काय बिघडते?’ असे काही शिक्षक मित्र मला विचारतात. काय बिघडते ते मी एका नाटिकेच्या तालमीत पाहिले आहे.

राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी एका महाविद्यालयातली मुले नाटिका बसवत होती. मी पाहुणी म्हणून तालमीला गेले होते. विषय उत्तम निवडला होता: कमला सोहोनी. तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. कमला भागवत (लग्नानंतर सोहोनी) या दुर्गाबाई भागवतांच्या बहीण. १९३३ साली मुंबईची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या, तेव्हा संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर, आणि त्यांतली एक अट अशी होती की त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. पुढे त्यांनी केंब्रिजला संशोधन केले, वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते हे दाखवले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

तालमीत रामन यांचे काम एका उंच, लांबट चेहऱ्याच्या मुलाला दिले होते. रामनशी त्याचे काहीच साम्य नव्हते. पण फेटा बांधला, झाले रामन! कमलाबाईंच्या कामासाठी मात्र वर्गातली सर्वांत गोरी मुलगी निवडली होती. तिला ‘सायटोक्रोम’ हा शब्द चार वेळा अडला. नाटिकेची संहिता जिने लिहिली होती, जिला त्यातला प्रत्येक प्रयोग समजला होता, ती काळीसावळी मुलगी पडद्यामागे ध्वनिक्षेपक धरून निवेदन करत होती. मी दिग्दर्शक मुलाला कारण विचारले. तो सरळ मनाचा मुलगा होता. म्हणाला, ‘मॅडम, मुख्य भूमिका आहे, स्टेजवर उठून दिसायला हवी ना.’ त्या मुलीला विचारले तर ती हसून म्हणाली, ‘माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात.’ तिची काही तक्रार नव्हती. तिने केव्हाच ठरवून टाकले होते की मंच आपला नाही.

पाहा, कोणती नाटिका होती ती! बाईचे असणेच प्रयोगशाळेत विघ्न आहे असे मानणाऱ्या अटीविरुद्धची नाटिका. ती अट आली कुठून? बाई म्हणजे आधी रूप आणि मग बाकीचे, या समजुतीतूनच ना? आणि तीच समजूत पात्रे निवडताना सगळ्यांच्या डोक्यात होती. कोणी दुष्ट नव्हते. लहानपणापासून वाचलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींनी त्यांना शिकवले होते की मुख्य मुलगी अशी असते.

त्वचेचा रंग कशाने ठरतो हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगायला हवेच. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन तयार करतात यात. मेलॅनिन सूर्याचे जंबुपार किरण शोषून घेते आणि त्वचेखालच्या पेशींचे, रक्तातल्या फोलेट या जीवनसत्त्वाचे रक्षण करते. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस असा वर्षातून दोनदा सूर्य भरदुपारी आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा प्रदेशात राहणाऱ्या माणसाला गडद त्वचा असणे ही निसर्गाने दिलेली छत्री आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढून टाकायला २०२० साल उजाडावे लागले. मेलॅनिन काय काम करते हे शास्त्रज्ञांना त्याच्या कितीतरी आधी माहीत होते.

मुलांचीही यातून सुटका आहे असे समजू नका. फास्टर फेणेला सूट मिळाली, तरी गोष्टीतल्या बुटक्याला आणि जाड्याला बहुधा हसण्यासाठीच आणलेले असते. अंगातले व्यंग हे मनातल्या दुष्टपणाची खूण म्हणून वापरायची सवय तर फारच जुनी आहे. कुबड असलेली मंथरा आठवा. वर्गात एखादा मुलगा लंगडत असेल तर अशी गोष्ट वाचून दाखवताना शिक्षकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहावे. यावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.

पाठ्यपुस्तकांत थोडा बदल होतो आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले. त्यावर चर्चाही पुष्कळ झाली. पण त्याच्या दोनच वर्षे आधी, २०१७ साली, राज्याच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याच्या कारणांमध्ये मुलीचा कुरूपपणा आणि अपंगत्व अशी नोंद छापलेली आढळली आणि मोठा गदारोळ झाला. हुंड्याचे कारण घेणाऱ्याच्या हावेत न शोधता मुलीच्या चेहऱ्यात शोधणे याला शास्त्र म्हणत नाहीत. ते पुस्तक लिहिणारेही लहानपणी गोष्टी वाचूनच मोठे झाले असतील.

वेगळी गोष्ट लिहिता येते का? सव्वाशे वर्षांपूर्वी येत होती. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा इंग्रजीत लिहिली आणि १९०५ साली ती मद्रासच्या एका नियतकालिकात छापून आली. त्यात स्त्रियांचे एक राज्य आहे. तिथल्या स्त्री-शास्त्रज्ञ ढगांतून पाणी काढून घेतात, सूर्याची उष्णता साठवून ठेवतात आणि तिचा झोत सोडून शत्रूचे सैन्य पळवून लावतात. ती कथा पुढे सरकते ती त्यांच्या यंत्रांमुळे आणि युक्त्यांमुळे; कोणाच्या नाकाडोळ्यांमुळे नव्हे.

शिक्षकांना माझी विनंती आहे की जुनी पुस्तके कपाटात बंद करू नका. व्हर्न वाचायलाच हवा, फास्टर फेणे तर हवाच हवा. वाचताना मोजायला मात्र लावा. एका वर्गाने वीस पुस्तके घ्यावीत. ती आवडीनिवडीने न घेता चिठ्ठ्या टाकून घ्यावीत, नाहीतर आपल्याला हवे तेच उत्तर येईल. प्रत्येक पात्राच्या पहिल्या ओळखीतले रूपाचे शब्द आणि कामाचे शब्द वेगवेगळे मोजावेत. एकच पुस्तक दोघांनी एकमेकांचे न पाहता मोजावे आणि आकडे जुळत नसतील तर ‘रूपाचा शब्द’ कशाला म्हणायचे यावर आधी वाद घालावा. ‘तेजस्वी’ हा शब्द कोणत्या रकान्यात टाकाल? पुरुष आणि स्त्री लेखकांची पुस्तके वेगळी काढून पाहावीत. तिथे फरक पडतो का हे मलाही जाणून घ्यायचे आहे.

शेवटचा रकाना असा ठेवा: रूपाचे सगळे शब्द खोडून परिच्छेद पुन्हा वाचला, तर गोष्ट अडते का? ज्या पात्राच्या बाबतीत काहीच उरत नाही त्याच्यापुढे फुली मारा. पुस्तक वाचनालयाचे असेल तर खाडाखोड वहीतच करा.